फुलांच्या गुरुबाई : कॉन्स्टन्स स्प्राय

घरात फुले मांडून ठेवणे हे काम की करमणूक, असे कोणी विचारले तर आपल्यापैकी बहुतेकजणी हसून करमणूक असेच म्हणतील. स्वयंपाकपाणी, मुलांचे अभ्यास, आल्यागेल्याची ऊठबस हे काम. आणि त्यातून उरलेल्या वेळात बैठकीच्या खोलीत चार फुले खोचून ठेवली तर ती हौस. परंतु ह्याच हौसेला एका स्त्रीने विद्येची प्रतिष्ठा मिळवून दिली, तिच्या आधारे सत्तर माणसांना रोजगार दिला, आणि एका राणीच्या राज्याभिषेकाचा मार्ग फुलांनी सजविला. एवढे झाल्यावर तरी ह्या कामाचे मोल सर्वांना पटले असेल असे वाटते. पण तसे झाले नाही. त्यांच्या निधनाला चव्वेचाळीस वर्षे लोटल्यावर, २००४ साली, लंडनच्या डिझाइन म्युझियमने त्यांच्या कार्याचे प्रदर्शन भरविले, तेव्हा असल्या विषयाला ह्या संस्थेत जागा असावी काय, असा वाद माजला आणि संस्थेचे अध्यक्ष जेम्स डायसन ह्यांनी पदाचा राजीनामा दिला. यंत्र बनविणाऱ्याची कल्पकता ती खरी, आणि घर सजविणारीची ती नुसती आवड, हा भेद किती खोल रुजलेला आहे पाहा! मंडळाच्या ह्या वर्धापनदिनाच्या अंकात त्या बाईंची, म्हणजे कॉन्स्टन्स स्प्राय ह्यांची, ओळख भगिनींना करून द्यावी असे म्हणूनच वाटले.

कॉन्स्टन्सबाईंचा जन्म इंग्लंडमधील डर्बी ह्या गावी ५ डिसेंबर १८८६ रोजी झाला. माहेरचे आडनाव फ्लेचर. वडील जॉर्ज फ्लेचर आरंभी रेल्वेत कारकून होते. पण स्वतःच्या अभ्यासाच्या बळावर ते शिक्षण खात्यात शिरले आणि चढत चढत आयर्लंडमध्ये तांत्रिक शिक्षणाच्या मोठ्या अधिकारपदावर गेले. घरात शिस्त होती, शिक्षणाला मान होता, आणि लोकांच्या उपयोगी पडावे हा संस्कार होता. फुलांचे वेड मात्र कॉन्स्टन्सबाईंचे स्वतःचे. पण त्या वेडावर पोट भरावे असे त्या काळी कोणाच्या स्वप्नातही आले नसते. मुलीने शिकावे ते उपयुक्त शास्त्र, ह्या विचाराने त्यांनी डब्लिनमध्ये आरोग्यशास्त्र, शरीरशास्त्र आणि घरोघर जाऊन करावयाची रुग्णसेवा हे विषय घेतले.

त्या वेळी आयर्लंडमध्ये क्षयाने थैमान घातले होते. व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी अ‍ॅबरडीन ह्यांनी १९०७ मध्ये स्त्रियांची एक राष्ट्रीय आरोग्य संस्था स्थापन केली होती. तिच्या वतीने फिरत्या गाड्या खेडोपाडी जात, आणि खिडक्या उघड्या ठेवा, दूध तापवून घ्या, रोग्याची भांडी निराळी ठेवा, अशा साध्या गोष्टी लोकांना समजावून सांगत. तरुण कॉन्स्टन्स ह्या कामात व्याख्यात्या म्हणून दाखल झाल्या. अडाणी, संकोची, कधी कधी संशयीही अशा बायांपुढे उभे राहून, त्यांच्या घरातल्याच वस्तू हातात घेऊन बोलायचे, ही कला त्यांना तेथे साधली. पुढे फुलांवर बोलताना हीच हातोटी त्यांच्या कामी आली.

१९१० मध्ये त्यांचा विवाह जेम्स हेपेल मार ह्या खाणीच्या व्यवस्थापकाशी झाला, आणि त्या किल्केनी भागातील कॅसलकोमरजवळ राहावयास गेल्या. १९१२ मध्ये अँथनी हा मुलगा झाला. परंतु संसार सुखाचा झाला नाही. पहिले महायुद्ध सुरू होताच त्यांनी डब्लिनमध्ये रेड क्रॉसच्या चिटणिसाचे काम पत्करले. आणि १९१६ मध्ये, लहानग्या मुलाला घेऊन, त्यांनी आयर्लंड सोडले ते कायमचेच. त्या काळात नवऱ्याचे घर सोडून, पदरी मूल असताना, स्वतःच्या मिळकतीवर उभे राहणे म्हणजे काय, हे आपल्यातील वडीलधाऱ्या भगिनींना सांगावयास नको. बॅरो-इन-फर्नेस येथे युद्धसाहित्याच्या कारखान्यातील कामगार स्त्रियांच्या सुखसोयी पाहण्याचे काम त्यांना मिळाले. नंतर लंडनमध्ये विमाननिर्मितीच्या सरकारी खात्यात स्त्री-कर्मचाऱ्यांवर देखरेख करणाऱ्या अधिकारी म्हणून त्यांनी काम केले. फुलांचा येथवर कोठे मागमूसही नाही. पण माणसे सांभाळणे, हिशेब ठेवणे, वेळ पाळणे, पुरुष अधिकाऱ्यांसमोर न डगमगता बोलणे हे सारे शिक्षण ह्याच वर्षांत झाले.

१९१८ च्या शिक्षण कायद्याने, चौदाव्या वर्षी शाळा सोडून कामाला लागणाऱ्या मुलामुलींना आठवड्यातील काही तास पुढील शिक्षण मिळावे अशी तरतूद झाली होती. त्यानुसार लंडनमध्ये निघालेल्या शाळांपैकी होमर्टन व साउथ हॅकनी येथील शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून कॉन्स्टन्सबाईंची १९२१ मध्ये नेमणूक झाली. पूर्व लंडनची ही वस्ती गरिबांची. शाळेत येणाऱ्या मुली कारखान्यात काम करणाऱ्या, थकलेल्या, आणि सक्तीने आणून बसविल्यामुळे रुसलेल्या. त्यांना स्वयंपाक आणि शिवणकाम शिकवावे, एवढी अपेक्षा होती.

बाईंनी वर्गात फुले आणून ठेवावयास आरंभ केला. आणि त्यांना असे दिसून आले की, एरवी कशातच मन न रमणाऱ्या मुली त्या फुलांभोवती गोळा होतात. ह्या मुलींच्या घरी बाग नव्हती, फुलदाणी नव्हती, फुले विकत घेण्यास पैसा नव्हता. मग रस्त्याच्या कडेला, पडीक जागेत, रेल्वेच्या रुळांशेजारी जे काही हिरवे उगवते ते आणावे, आणि घरात जे भांडे असेल त्यात ते नीट लावावे, हा मार्ग ओघानेच आला. सुंदर वस्तूची भूक ही पोटाच्या भुकेइतकी तीव्र नसेल, पण ती श्रीमंतांनाच लागते हे खोटे, हा बाईंचा सिद्धान्त ह्या गरीब मुलींच्या वर्गात पक्का झाला. पुढे सरदार-उमरावांच्या दिवाणखान्यांत त्यांनी जे केले, त्याचा पाया हॅकनीच्या त्या शाळेत घातला गेला, हे विसरता येणार नाही.

ह्याच काळात हेन्री अर्नेस्ट स्प्राय ह्या सद्गृहस्थांशी त्यांचा परिचय झाला. १९२६ पासून दोघे एकत्र राहू लागली, आणि बाईंनी स्प्राय हे आडनाव धारण केले. विधिवत विवाह मात्र त्यांचा झाला नव्हता. जगाला हे ठाऊक नव्हते; चरित्रकारांनी ते नंतर उजेडात आणले. तसेच १९३२ ते १९३६ ह्या काळात ग्लक ह्या चित्रकर्तीशी त्यांचा प्रेमसंबंध होता, आणि बाईंनी रचलेल्या शुभ्र फुलांवरून ग्लक ह्यांनी काढलेले चित्र प्रसिद्ध आहे. चरित्र सांगताना हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. ज्या समाजाच्या लग्नमांडवांना त्या फुले पुरवीत, त्याच समाजाच्या चौकटीत त्यांचे स्वतःचे आयुष्य बसत नव्हते. हा ताण त्यांनी जन्मभर मुकाट्याने सोसला.

स्नेह्यांच्या आग्रहावरून त्यांनी मुख्याध्यापिकेची निश्चित पगाराची नोकरी सोडली आणि १९२९ मध्ये लंडनच्या पिम्लिको भागात ‘फ्लॉवर डेकोरेशन्स’ नावाचे लहानसे दुकान थाटले. वय वर्षे ४२. हा आकडा भगिनींनी अवश्य लक्षात ठेवावा. आता आपले दिवस संपले, नवे काही शिकण्याचे वय राहिले नाही, असे ज्या वयात आपण सहज म्हणून जातो, त्या वयात ह्या बाईंचे खरे कार्य सुरू झाले.

त्या वेळी फुलांच्या दुकानांची रीत ठरलेली होती. कार्नेशनसारखी महागडी फुले घ्यावयाची, त्यांच्या देठांना तारा गुंडाळून ती ताठ करावयाची, मध्ये नाजूक पानांची ठराविक झालर लावावयाची, आणि सारे घट्ट आवळून द्यावयाचे. फूल कोणतेही असो, थाट एकच. थिएटरचे नेपथ्यकार नॉर्मन विल्किन्सन ह्यांनी जुन्या बाँड स्ट्रीटवरील अ‍ॅटकिन्सन्स ह्या अत्तराच्या पेढीच्या खिडक्या सजविण्याचे काम बाईंकडे सोपविले. बाईंनी तेथे शेताच्या कुंपणावर माजणाऱ्या रानफुलांची आणि वेलींची आरास मांडली. लंडनच्या अत्यंत श्रीमंत पेठेत, काचेआड, ज्यांना शेतकरी तण म्हणतो ती रोपटी दिमाखात उभी राहिलेली पाहून लोक थबकू लागले. त्या खिडक्यांनी बाईंचे नाव झाले.

मग मागण्या येऊ लागल्या. १९३४ मध्ये दुकान मेफेअरमधील साउथ ऑडली स्ट्रीटवर हलले आणि तेथे सुमारे सत्तर माणसे काम करू लागली. त्याच वर्षी ‘फ्लॉवर डेकोरेशन’ हे त्यांचे पुस्तक निघाले आणि पुष्परचनेची शाळाही सुरू झाली. सिरी मॉम ह्या गृहसजावटकारांच्या पांढऱ्या रंगाच्या खोल्यांची तेव्हा लंडनमध्ये चलती होती. बाईंनी त्यांच्यासाठी केवळ पांढऱ्या फुलांच्या रचना केल्या. गुलाबाबरोबर केल नावाच्या, कोबीच्या कुळातील भाजीची जांभळट पाने लावली. शेवाळलेल्या फांद्या, गवताचे तुरे, वाळलेली बोंडे, फळांचे घोस, भाज्या ह्यांना त्यांनी फुलांच्या पंगतीत बसविले. भांड्यांच्या बाबतीतही तेच. रस्सा वाढावयाचे पसरट चंचुपात्र, सुपाच्या मोठ्या भांड्याचे उलटे केलेले झाकण, केक भाजण्याचे ताट, पक्ष्याचा पिंजरा, काहीही त्यांना चाले. फुलदाणी अरुंद व उंचच असावी हा समज त्यांनी मोडला, आणि फुलहॅम पॉटरीकडून रुंद तोंडाच्या, नावेच्या आकाराच्या फुलदाण्या बनवून घेतल्या.

आता ह्या बाईंच्या पद्धतीत साधने कोणती आणि कृती काय, हे थोडक्यात पाहू. चरित्रापासून हे वेगळे नाही. कारण बाईंचे चरित्र त्यांच्या हातांत होते.

साधने फार थोडी लागतात. एक खोल बादली, एक धारदार कात्री किंवा छाटणीची कैची, लांब नळीची लहान झारी, आणि देठ पकडून ठेवणारी काहीतरी बैठक. ही बैठक म्हणजेच सारे रहस्य. रुंद तोंडाच्या भांड्यात फुले टाकली की ती कडेला कलंडतात आणि मधोमध खड्डा पडतो. ह्यावर बाईंचा आवडता उपाय म्हणजे कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती षट्कोनी भोकांची तारेची जाळी. मऊ तारेची, मोठ्या भोकांची जाळी घ्यावी, ती हाताने चुरगळून तिचा सैलसा गोळा करावा आणि भांड्यात बसवावा. एकावर एक असे तिचे तीनचार पदर आपोआप होतात. देठ वरच्या पदरातून शिरून खालच्या पदरात अडकतो आणि हव्या त्या कोनात उभा राहतो. पाणी मोकळे राहते, जाळी वर्षानुवर्षे टिकते, आणि खर्च नगण्य. पसरट, उथळ भांड्यासाठी पितळी खिळ्यांची जड बैठक वापरतात. ती मूळची जपानी. तिकडे तिला केन्झान म्हणतात. मोठ्या आराशीत आखूड देठाचे फूल उंचावर हवे असेल तर काठीला पत्र्याचे निमुळते नळकांडे बांधून, त्यात पाणी भरून, फूल त्यात ठेवतात.

१९५० च्या दशकात अमेरिकेतून पाणी शोषणारा हिरवा स्पंज आला आणि जगभर पसरला. तो सोयीचा खरा. पण तो प्लास्टिकच्या जातीचा असून कुजत नाही, आणि त्याचा चुरा पाण्यातून नद्यानाल्यांत जातो. त्यामुळे अलीकडे पुष्कळ जाणकार पुन्हा जाळीकडे आणि खिळ्यांच्या बैठकीकडे वळले आहेत. बाईंचा जुना उपाय असा नव्याने खरा ठरला आहे.

कृतीत पहिली गोष्ट म्हणजे फुले लगेच मांडावयाची नाहीत. सकाळी लवकर किंवा सायंकाळी, ऊन नसताना, ती कापावीत. घरी आणल्यावर देठाचे टोक तिरके कापून, गळ्यापर्यंत पाण्याने भरलेल्या बादलीत, गार व अंधाऱ्या जागी निदान दोनतीन तास, शक्य तर रात्रभर ठेवावीत. देठ कापला की पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांत हवा शिरते आणि पाण्याचा मार्ग अडतो. पुन्हा कापल्याने तो मोकळा होतो. देठ पाण्याखाली धरून कापला तर अधिकच चांगले. फूल आधी पोटभर पाणी प्याले की मग ते मांडणीत मान टाकीत नाही.

दुसरी गोष्ट, पाण्यात बुडणारी पाने काढून टाकावीत. शेवंती, अ‍ॅस्टर, झेंडू ह्यांची पाने पाण्यात झपाट्याने कुजतात. मग जंतू वाढतात आणि तेच देठाची तोंडे बुजवितात. फुलदाणीच्या पाण्याला येणारी दुर्गंधी ही ह्या आळसाची शिक्षा आहे. तिसरी गोष्ट देठाच्या जातीची. पॉइन्सेटियासारख्या चीक गळणाऱ्या फांद्यांचे टोक क्षणभर ज्योतीवर धरावे किंवा उकळत्या पाण्यात बुडवावे, म्हणजे चीक थांबतो. लाकडी देठाला टोकाशी उभी चीर द्यावी. पूर्वी असे देठ हातोडीने ठेचीत असत. आता ती चाल मागे पडली आहे, कारण ठेचलेल्या भागात जंतू अधिक वाढतात. धारदार कात्रीने स्वच्छ काप घेणे हेच बरे. भांडे घासूनपुसून घ्यावे, पाणी रोज बदलावे किंवा झारीने भरीत जावे, आणि फुलदाणी पिकलेल्या आंब्या-केळ्यांच्या टोपलीशेजारी ठेवू नये. पिकत्या फळातून निघणाऱ्या वायूने फुले अकाली कोमेजतात.

मग प्रत्यक्ष मांडणी. ती कोठे ठेवावयाची ते आधी ठरवावे आणि शक्य तर तेथेच उभे राहून रचावी. कोपऱ्यातली रचना एका बाजूने दिसते, जेवणाच्या टेबलावरील चहूबाजूंनी. टेबलावरची रचना एवढी उंच नसावी की समोरच्या माणसाचे तोंड दिसू नये. आधी फांद्या व पाने लावून बाह्याकृती साधावी, मग मोठी व गडद फुले मध्याजवळ, काठाच्या थोडी खाली ओघळणारी घ्यावीत, आणि शेवटी हलकी फुले. फांदी ज्या बाजूला मुळात वाकलेली असेल तिकडेच तिला जाऊ द्यावे. दोन फुलांमध्ये थोडी मोकळी जागा राहू द्यावी, म्हणजे प्रत्येकाचा आकार दिसतो. एवढे सांगून झाल्यावर बाई सांगत की ह्यातला कोणताही नियम हा कायदा नव्हे. त्या मोजपट्टीच्या विरुद्ध होत्या. ज्या वस्तूकडे पाहून आपल्याला आनंद होतो ती लावावी, आणि शेजारणीने काय लावले आहे ते पाहून घाबरू नये, हा त्यांच्या शिकवणीचा गाभा होता.

आपल्याकडे फुले बहुधा देवासाठी किंवा वेणी-गजऱ्यासाठी खुडली जातात, म्हणून ती बिनदेठाची असतात. त्यांना उंच फुलदाणी चालत नाही. पण एखादी पितळी परात किंवा जुने तसराळे घेतले, त्यात पाणी घालून जाळीचा गोळा ठेवला, आणि बागेतली क्रोटनची पाने, तुळशीच्या मंजिऱ्या, गवताचा एखादा तुरा आणि चार झेंडूची फुले लावली, तर बाईंची रीत आपल्या ओसरीवर सहज नांदेल.

पुनश्च चरित्राकडे वळू. १९३६ च्या डिसेंबरात राजे आठवे एडवर्ड ह्यांनी सिंहासन सोडले, आणि ३ जून १९३७ रोजी फ्रान्समधील कांदे येथील वाड्यात त्यांचा वॉलिस सिम्प्सन ह्यांच्याशी विवाह झाला. राजघराणे ह्या विवाहावर रुष्ट होते. त्या समारंभाची फुले करणे म्हणजे दरबारातले काम गमावण्याचा धोका पत्करणे होते. पण वॉलिसबाई ह्या जुन्या ग्राहक, त्यांना पाठ दाखविणे कॉन्स्टन्सबाईंना रुचले नाही. त्या स्वतः फ्रान्सला गेल्या आणि त्यांनी तो वाडा फुलांनी भरून टाकला.

दुसऱ्या महायुद्धात फुलांचा व्यापार बसला. बागांतून गुलाब काढून बटाटे लावण्याचे ते दिवस. बाई रडत बसल्या नाहीत. देशभर फिरून त्या स्त्रियांपुढे व्याख्याने देऊ लागल्या आणि १९४२ मध्ये परसातल्या भाजीपाल्याचा स्वयंपाकात उपयोग कसा करावा ह्यावर त्यांनी पुस्तक लिहिले. युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये, रोझमेरी ह्यूम ह्या पाककलानिपुण मैत्रिणीच्या साहाय्याने त्यांनी विंडसरजवळ विंकफील्ड प्लेस येथे गृहशास्त्राची निवासी शाळा काढली. तेथे मुली स्वयंपाक, शिवण, बागकाम आणि पुष्परचना शिकत.

२ जून १९५३ रोजी राणी दुसऱ्या एलिझाबेथ ह्यांचा राज्याभिषेक झाला. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेला लागून उभारलेल्या मंडपाची आणि मिरवणुकीच्या मार्गाची फुलांची सजावट कॉन्स्टन्सबाईंकडे होती. परदेशी पाहुण्यांच्या भोजनाचे कामही विंकफील्डच्या मुलींनी अंगावर घेतले. त्या भोजनात थंड कोंबडीचा जो पदार्थ होता, तो पुढे ‘कॉरोनेशन चिकन’ ह्या नावाने घराघरात पोचला. त्याच्या सॉसमध्ये मेयोनेझ आणि जर्दाळूच्या गराबरोबर आपल्याकडच्या मसाल्यांवरून विलायतेत रूढ झालेली करी पावडर आहे. पदार्थाचे श्रेय लोक स्प्रायबाईंना देतात. पण त्यामागचा हात मुख्यत्वे रोझमेरीबाईंचा होता हे सांगणे न्यायाचे आहे. त्याच वर्षी कॉन्स्टन्सबाईंना ओ. बी. ई. हा किताब मिळाला. १९५६ मध्ये दोघींचा पाककृतींचा हजारावर पानांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि इंग्लंडमधील गृहिणींच्या फळीवर तो मानाने जाऊन बसला.

युद्धोत्तर काळात गावोगाव स्त्रियांची पुष्पमंडळे निघाली होती. १९५९ मध्ये त्यांचा राष्ट्रीय संघ स्थापन झाला. ह्या चळवळीला बाईंच्या पुस्तकांनी आणि व्याख्यानांनी केवढे बळ दिले होते! युद्धाने खचलेल्या, रेशनला कंटाळलेल्या, घरात कोंडलेल्या हजारो स्त्रिया फुलांच्या निमित्ताने आठवड्यातून एकदा एकत्र येऊ लागल्या. मंडळ म्हणजे काय हे जाणणाऱ्या आपल्याला त्याचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

३ जानेवारी १९६० रोजी विंकफील्ड प्लेसच्या जिन्यावरून घसरून पडल्याचे निमित्त झाले आणि कॉन्स्टन्सबाईंचे निधन झाले. वय ७३ वर्षांचे होते. त्यांना जुन्या, विस्मृत होत चाललेल्या गुलाबांचा फार लोभ होता. असे कितीतरी वाण त्यांनी आपल्या बागेत जतन केले होते. १९६१ मध्ये डेव्हिड ऑस्टिन ह्या संशोधकाने जुन्या घाटाचा, भरगच्च पाकळ्यांचा, सुगंधी गुलाबी गुलाब तयार केला आणि त्याला ‘कॉन्स्टन्स स्प्राय’ हे नाव दिले. वर्षातून एकदाच, पण भरभरून फुलणारा हा गुलाब आजही बागांतून लावला जातो.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येऊ. फुले मांडणे हे काम की करमणूक? कोणी म्हणेल की, हे दोन दिवसांत कोमेजणारे काम, त्याला कला कशाला म्हणावयाचे? पण आपला स्वयंपाक एका जेवणात संपतो, रांगोळी एका पावसात पुसली जाते. न टिकणाऱ्या कामाला कमी लेखावयाचे ठरविले तर घरातल्या बहुतेक सर्व श्रमांना कमी लेखावे लागेल. आणि जगाने आजवर केले आहे ते हेच. स्प्रायबाईंचे मोठेपण असे की, ह्या न टिकणाऱ्या कामातही ज्ञान आहे, शिस्त आहे, शिकवता येईल अशी विद्या आहे आणि स्वाभिमानाने पोट भरण्याची ताकद आहे, हे त्यांनी करून दाखविले. राजवाड्यातील रचनेला आणि हॅकनीतील कामगार मुलीच्या जॅमच्या बरणीतील रानगवताला त्यांनी एकच कसोटी लावली. पैसा किती लागला हे त्यांनी पाहिले नाही. डोळसपणे पाहिले गेले की नाही, एवढेच पाहिले.

आपल्या मंडळातही पुष्परचनेच्या स्पर्धा होतात. पुढल्या वेळी बाजारातून महागड्या फुलांचे गुच्छ आणण्याऐवजी प्रत्येकीने आपल्या घरातले एक जुने भांडे, वीतभर जाळीचा तुकडा आणि रस्त्याच्या कडेला मिळेल ती पालवी घेऊन यावे, अशी नम्र सूचना आहे. बक्षीस कोणाला मिळेल ते परीक्षक ठरवतील. पण ज्यांच्या दारात बाग नाही आणि पर्समध्ये जादा पैसा नाही अशा भगिनीही त्या दिवशी बरोबरीने भाग घेऊ शकतील. कॉन्स्टन्सबाईंच्या स्मृतीला ह्याहून योग्य अभिवादन दुसरे कोणते असणार!